फजिती सांगावी तर अनोळख्याला

सकाळी फोन उघडला की दहा-बारा विनोद येऊन पडलेले असतात. नवरा-बायको, गुरुजी आणि बंड्या, डॉक्टर आणि पेशंट. आपण वाचतो, गालात हसतो, दोन ठिकाणी पुढे पाठवतो आणि चहा संपेपर्यंत विसरून जातो. उलट, पंचवीस-एक वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितलेली गोष्ट आम्हाला आजही जशीच्या तशी आठवते. ते एका लग्नाला म्हणून गेले, चुकून शेजारच्या कार्यालयात शिरले, आहेर दिला, नवरदेवाच्या मामांशी शेतीवर चर्चा केली, दोनदा जिलेबी वाढून घेतली आणि हात धुऊन बाहेर येताना पाटीवरची नावे वाचली. मग खऱ्या लग्नात जाऊन पुन्हा जेवावे लागले, कारण तिथे 'जेवून आलो' म्हणायची सोय नव्हती. त्यांचे नाव आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. संकेश्वर आले, ते उतरून गेले.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच सभासदांना, विशेषतः निवृत्तांना, अलीकडे फोनवरून अनोळखी माणसांशी गप्पा मारायची सवय लागली आहे. कुणी बागकामाच्या गटात आहे, कुणी जुन्या गाण्यांच्या, कुणी मुलगा परदेशात ज्या गावी आहे तिथल्या मराठी मंडळींच्या. या गप्पांत सर्वांत जास्त खपणारा माल कोणता, हे पाहिले तर तो राजकारण नाही आणि सुविचार तर नाहीच. रोजच्या आयुष्यातल्या लहान फजित्या लोक एकमेकांना सांगतात. करपलेला कुकर, देवळाबाहेरून घालून आणलेल्या दुसऱ्याच्या चपला, चुकीच्या डब्यात चढून मिरजेऐवजी हुबळीकडे झालेला प्रवास. घरातली तरुण मंडळी विचारतात, ओळख ना पाळख, त्यांना हे सांगून तुम्हाला काय मिळते? प्रश्न रास्त आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणताही व्यवहार दिसला की त्यात कोण काय देतो आणि काय घेतो, हे पाहायची आम्हाला खोड आहे. त्याच नजरेने हा व्यवहार तपासून पाहू.

पहिली गोष्ट, विनोद आणि फजिती एक नव्हे. याचा एक चांगला दाखला मुंबईत घडला आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. आज आपण सकाळी बागेत हात वर करून हा हा हा करणारी मंडळी पाहतो, ती त्यातूनच पुढे आली. पण आरंभी पद्धत निराळी होती. सर्वांनी गोल उभे राहायचे आणि एकेकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा. थोड्याच दिवसांत माणसे वाढली. आणि साधारण दोन आठवड्यांत विनोद संपले. मग चावट विनोद आले, कुणाला बोचणारे आले, तक्रारी झाल्या. शेवटी डॉक्टरांनी विनोद हा प्रकारच काढून टाकला आणि कारणाशिवाय हसण्याचा व्यायाम सुरू केला. तो पुढे जगभर गेला, हे सर्वांना माहीत आहे.

आम्हाला यातला विनोद संपल्याचा भाग फार बोलका वाटतो. विनोद हा ठेवीतला पैसा आहे, काढत गेले की खाते रिकामे होते. शिवाय तो कुणाचाच नसतो. काल घरात काय घडले, हे त्या गोलात एकेकाने सांगितले असते तर दोन आठवड्यांत साठा संपला नसता, असे आमचे मत आहे. कारण फजिती रोज नवी जमा होते, त्यासाठी वेगळे कष्ट करावे लागत नाहीत.

माणसे हसतात कशाला, याचा शोध अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी घेतला होता. ते प्रयोगशाळेत न बसता बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात गेले आणि लोक हसण्याच्या आधी नेमके काय बोलले होते, ते टिपून घेतले. अशी सुमारे १२०० हास्ये त्यांनी नोंदवली. त्यांचे पुस्तक २००० साली आले. त्यात दोन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, ज्या वाक्यानंतर माणसे हसली त्यातली फार तर १० ते २० टक्के वाक्ये कशीबशी विनोदी म्हणता आली असती, बाकीची 'बराय, निघतो मग' अशा थाटाची साधी बोलणी होती. दुसरे म्हणजे, एकटा माणूस जितका हसतो त्याच्या जवळपास तीसपट तो चारचौघांत हसतो. म्हणजे हसू विनोदापेक्षा सोबतीला चिकटलेले असते. जोडीदार गेलेला आहे, मुले पुण्या-बंगळुरात किंवा त्याहून लांब आहेत आणि अनगोळच्या तीन खोल्यांत आपण एकटे आहोत, अशी घरे आपल्या मंडळात किती आहेत, ते आपल्याला माहीत आहे. त्या घरात टीव्हीवर विनोदी मालिका दिवसभर चालू असते. तरी हसण्याचा आवाज फक्त टीव्हीतून येतो.

आता हा व्यवहार अनोळखी माणसांत का जमतो, ते पाहू. आपल्याकडे चौथे रेल्वे गेट पडले की दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात. मालगाडी लांब असली तर इंजिन बंद करून लोक एकमेकांकडे बघतात. कुणीतरी म्हणतो, "परवा ह्याच गेटापायी बायकोला स्टेशनात सोडायला उशीर झाला की." बस्स, सुरू. पाच मिनिटांत तीन फजित्या सांगून होतात, गेट उघडते, जो तो आपल्या वाटेला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्री जेवणाचे डबे उघडल्यावर हेच होते. भावकीत, गल्लीत किंवा ऑफिसात आपण ही गोष्ट सांगायला कचरतो. तिथे तिची नोंद राहते. दहा वर्षांनी मुलीच्या साखरपुड्यात कुणीतरी ती काढतो. अनोळखी माणसाकडे तुमचे मागचे पान नसते आणि पुढचेही नसते, म्हणून त्याच्यापाशी बोलणे हलके होते.

या देवघेवीचा दर साधारण बरोबरीचा असतो. अमेरिकेतल्या बोस्टन विमानतळावर झिक रूबिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. गाडीची वाट पाहावी तशी विमानाची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांना आधी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायच्या आणि मग त्यांनाही चार ओळी लिहायला सांगायच्या. समोरच्याने वरवरचे लिहिले तर उत्तर वरवरचे आले, मोकळे लिहिले तर मोकळे. पण मुद्दाम आपल्यालाच उद्देशून हा माणूस फार खाजगी लिहितो आहे असे वाटले, तिथे लोक आखडले.

हे वाचून आम्हाला पेन्शनची रांग आठवली. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कागदावर सही होती, २०१४ पासून बोटाच्या ठशाचे यंत्रही आले. एकदा एका आजींचा ठसा काही केल्या उमटेना. चार बोटे झाली, हात पुसून झाला. मागे रांग खोळंबलेली. आजी मागे वळून म्हणाल्या, "भांडी घासून घासून रेघा गेल्या. आता सरकारच्या लेखी मी वारले." रांग हसली आणि मग सुटलीच. एक माजी सैनिक म्हणाले, आपण मागच्या वर्षी दाखला द्यायचा विसरलो आणि पेन्शन बंद झाल्यावर साहेबांसमोर उभे राहून 'मी जिवंत आहे' असा अर्ज लिहून दिला. एका बाईंनी यजमानांचा चष्मा लावून फॉर्म भरला होता आणि जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख लिहिली होती. वीस मिनिटांपूर्वी यंत्राला शिव्या देणारी हीच माणसे. त्या दिवशी काउंटरवर कुणी आवाज चढवला नाही.

त्या रांगेत नियम कुणी सांगितले नव्हते, पण सर्वांनी पाळले. जो तो स्वतःची फजिती सांगत होता. ती लहान होती, झाकली जाईल एवढी. आणि उत्तर त्याच किमतीचे होते. शंभराची नोट दिली की शंभराचे सुट्टे मिळावेत तसे. कुणी छत्री हरवल्याचे सांगतो आणि समोरचा आपल्या हृदयाच्या शस्त्रक्रियेवर जातो, तेव्हा हिशेब कोलमडतो. तसाच दुसरा इसम असतो, तो तुमची गोष्ट संपायच्या आत "हे काहीच नाही, आमचं ऐका" म्हणतो. आणि तिसरा या दोघांहून वाईट. तो शांतपणे म्हणतो, "पण तुम्ही आधी पाटी वाचायला हवी होती."

मराठीत स्वतःची फजिती चारचौघांत सांगण्याची चाल जुनी आहे, इंटरनेटने ती शिकवलेली नाही. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक, म्हणजे विद्वान माणूस. पण त्यांनी उभा केला तो चिमणराव. तो आपल्या घरातली प्रत्येक फसगत आपल्याच तोंडाने सांगतो. पुलंच्या 'असा मी असामी'तले धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी हे त्याच घराण्यातले. हे दोघेही वाचकाला कधी भेटलेले नाहीत. तरी वाचताना असे वाटते की हा गृहस्थ आपल्याला विश्वासात घेऊन बोलतो आहे. विश्वास बसतो, कारण तो स्वतःला सोडत नाही.

पुस्तकाबाहेर हीच गोष्ट कथाकथनाने केली. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव फिरून कथा सांगत. समोर हजारभर माणसे, एकमेकांना न ओळखणारी, आणि कुणाच्या तरी सायकलची, म्हशीची किंवा शाळेतल्या तपासणीची गोष्ट. आपल्या भागात ही परंपरा अजून आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी या गावांतली ग्रामीण साहित्य संमेलने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की परिसंवादाला मांडव विरळ असतो. कथाकथनाला पाय ठेवायला जागा नसते. पण आमचे लक्ष कथेहून जास्त जेवणाच्या पंगतीकडे असते. कथाकथन संपले की पंगतीत प्रत्येक जण शेजारच्या अनोळखी माणसाला आपली गोष्ट सांगत असतो. व्यासपीठावरचा कथाकार फक्त खाते उघडून देतो.

इथे आपल्या गावाचा एक खास प्रकार आहे, त्यावर जरा थांबले पाहिजे. आपण दोन भाषांच्या सांध्यावर राहतो. १ नोव्हेंबरला याच शहरात एकीकडे राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो, हे १९५६ पासून चालत आले आहे. भाषेचा विषय निघाला की माणसे सावध होतात, आवाज बदलतात. त्याच वेळी रोजच्या व्यवहारात दोन भाषा एकमेकींच्या पायांत इतक्या वेळा अडखळतात की गमतीला तोटा नाही.

कानडीत 'ऊटा' म्हणजे जेवण. "ऊटा माडरी" म्हणजे जेवा हो. पुण्याकडचा पाहुणा पहिल्यांदा कानडी घरी पंगतीला बसतो, यजमानीण प्रेमाने "ऊटा, ऊटा" म्हणते, आणि हा आपले काय चुकले म्हणून ताटावरून उठून उभा राहतो. कानडीत 'हालू' म्हणजे दूध. "हालू संपले" आणि "हाल संपले" यांतला फरक नव्या सुनेला दूधवाल्याच्या दारातच कळतो. 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण. बँकेत कर्ज मागायला आलेला मराठी शेतकरी "साहेब, यंदा फार तंगी आहे" म्हणाला, की नवे कानडी साहेब विचारत, "किती जणी? लग्नं झाली का?" आपल्या भागातला कानडी माणूस पैशाला 'रोक्क' म्हणतो, ते आपल्याला रोकड या शब्दाने समजते. पण म्हैसूरकडून बदली होऊन आलेले 'हण' म्हणतात. काउंटरपलीकडून कुणी "हण कोडी" म्हणाले की नवा मराठी शिपाई दोन पावले मागे सरकायचा.

यातली सर्वांत चांगली जोडी आम्हाला घरच्या मंडळींकडून कळली. दोन्ही बायकांची परवानगी घेऊन, नावे न देता ती इथे देतो. हळदीकुंकवाला पुण्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी आणि वडगावकडची एक कानडी बाई शेजारी बसल्या होत्या, ओळख नव्हती. पुण्याच्या मुलीने सांगितले, "लग्नाला आठ दिवस झाले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, आज आमच्याकडे 'कोळी सारू' आहे, वाटी पाठवते. मी रात्रभर झोपले नाही. आमच्याकडे कोळी म्हणजे भिंतीवरचा." कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. हसून झाल्यावर कानडी बाईंनी आपली गोष्ट सांगितली. त्या नव्याने मराठी गल्लीत राहायला आल्या तेव्हा समोरच्या मराठी बाईंना आपल्या सासरची हकिकत सांगत होत्या. मराठी बाई दर वाक्याला "मग?" म्हणत. कानडीत 'मग' म्हणजे मुलगा. यांना वाटले, ही बाई सारखी मुलाचेच का विचारते? म्हणून सासूची गोष्ट अर्धवट सोडून त्यांनी मुलाची हकिकत सुरू केली. त्याची शाळा, त्याचे मार्क, त्याचा टायफॉइड. समोरून पुन्हा "मग?" शेवटी सांगण्यासारखे काही उरले नाही तेव्हा म्हणाल्या, "एकच आहे हो मला, आणखी नाही."

ही अदलाबदल बरोबरीत सुटली, कारण दोघींनी आपापली घसरगुंडी सांगितली. हीच गोष्ट उलटी करून पाहा. मराठी बाईने कानडी बाईची चूक सांगितली असती, किंवा कानडी बाईने मराठीची, तर शब्द तेच असते आणि खोलीतली हवा वेगळी असती. दुसऱ्याच्या उच्चाराची नक्कल करून हसवणे सोपे आहे. आपल्या दोन्ही बाजूंना ते करणारे आहेत आणि त्यावर टाळ्याही मिळतात. पुलं काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. 'गणगोत'मधले रावसाहेब हे त्यांना इथेच भेटले. त्यांची कानडी वळणाची मराठी वाचून आपण पोट धरून हसतो, पण कुणा कानडी माणसाची टर उडवली असे वाटत नाही. रावसाहेबांवर लिहिणाऱ्याचा जीव आहे, हे प्रत्येक वाक्यात दिसते. आमच्या माहितीतली अनेक कानडी घरे तो लेख प्रेमाने ऐकतात. नक्कल आणि आपलेपणा यांतली ही रेषा बारीक आहे, आणि अनोळखी माणसांत ती ओळखण्याचा एकच सोपा उपाय आहे: घसरलेला माणूस आणि सांगणारा माणूस एकच असावा.

आता फोनकडे येऊ. गाडीतला अनोळखी माणूस संकेश्वरला उतरतो. फोनमधला उतरत नाही. तुम्ही लिहिलेले त्याच्याकडे राहते, तो त्याचे चित्र काढून दुसरीकडे पाठवू शकतो, आणि सांगताना तुमच्या चेहऱ्यावर असलेले हसू त्याबरोबर जात नाही. पुढे पाठवलेल्या मजकुरामुळे अफवा पसरून आपल्या देशात माणसे मारली गेली, तेव्हा २०१८ साली व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. ती खूण आम्हाला या विषयातही उपयोगी पडते. खूण असलेला मजकूर म्हणजे विनोद, कुणाचाही नसलेला. खूण नसलेला, शुद्धलेखनाच्या चुकांसह आलेला मजकूर म्हणजे माणूस. आमच्या पाहण्यातल्या एका गटात फॉरवर्ड पाठवायची बंदी आहे, तिथे दिवसाला चार-पाचच मजकूर येतात आणि ते सर्व जण वाचतात.

त्याच गटात टिळकवाडीच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेली गोष्ट सांगतो. फोनमध्ये हसता हसता डोळ्यांतून पाणी येणारा एक पिवळा चेहरा असतो. ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१५ चा शब्द म्हणून चक्क त्या चेहऱ्याची निवड केली होती. गुरुजींना चष्म्याशिवाय त्यातले फक्त पाणी दिसत होते. त्यांनी तो रडका समजून वर्षभर प्रत्येक निधनवार्तेखाली भक्तिभावाने टाकला, कधी एक, जवळचा माणूस असला तर चार. शेवटी नातवाने पाहिले. गुरुजींनी हे लिहिले आणि रात्रीपर्यंत त्या गटातल्या आणखी सात जणांनी आपणही तेच करत होतो असे कळवले. त्यातले तिघे कधी बेळगावला आलेलेही नाहीत. गुरुजी आम्हाला म्हणाले, "वर्षभर झोप लागत नव्हती हो, त्या लोकांच्या घरी काय वाटलं असेल म्हणून. सात जण निघाले, तेव्हा लागली." आमच्या हिशेबात घेणाऱ्याच्या पदरी पडते ते हे.

पण स्वतःची गोष्ट आणि दुसऱ्याची गोष्ट ही सीमा फोनवर फार लवकर पुसली जाते. नातवाने भर वर्गात काय म्हटले, सुनेने पुरणात साखरेऐवजी काय घातले, यजमान झोपेत काय बोलतात. आपल्याला ते गोड वाटते, म्हणून आपण शंभर अनोळखी माणसांना सांगतो. नातू पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याला ते गोड वाटेलच असे नाही. सुनेला तर त्याच दिवशी वाटत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासमधल्या एका न्यायालयाचे काम संगणकावरून चालू होते, आणि एका वकिलांच्या जागी पडद्यावर मांजराचे पिल्लू दिसू लागले. वकील घाबरून सांगत होते की आपण मांजर नाही. ती चित्रफीत न्यायाधीशांनी स्वतः लोकांपुढे ठेवली, सोबत सूचना लिहिली की मुलांनी वापरलेला संगणक असेल तर आधी तपासून घ्या. जग हसले. वकिलांनीही ते हसून घेतले, म्हणून ती गोष्ट गोड राहिली. पण ते हसतील की नाही हे आधी कुणालाच माहीत नव्हते. बाथरूमच्या दारात घसरलेल्या आजोबांची, औषधांच्या गोळ्या विसरणाऱ्या आजींची अशी चित्रे आपल्याच घरातून बाहेर जाताना आम्ही पाहिली आहेत. त्या वेळी आजी समोरच्या खोलीत बसलेल्या असतात. विचारायला दहा पावले पडतात.

शेवटी बँकेतल्या माणसाने सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. फजितीच्या गोष्टीत बारकावे लागतात, त्याशिवाय मजा नाही. पण कोणते बारकावे? आईचे माहेरचे आडनाव, पहिल्या शाळेचे नाव, घरातल्या कुत्र्याचे नाव, जन्मतारीख. पासवर्ड विसरला तर हेच प्रश्न विचारले जात आले आहेत, आणि कित्येकांचे पासवर्डही याच शब्दांचे असतात. 'आम्ही सगळे आठ दिवस गोव्याला होतो आणि काय गंमत झाली' हे परत आल्यावर सांगावे, गोव्यातून नव्हे. एटीएममध्ये कार्ड अडकल्याची फजिती जरूर सांगा, पण बँकेचे, शाखेचे नाव गाळून. नाहीतर दुसऱ्याच दिवशी 'त्या शाखेतून बोलतोय' असा फोन येतो आणि तो माणूस तुमच्याच गोष्टीतले तपशील तुम्हाला ऐकवतो. आपल्याला वाटते, याला इतके माहीत आहे म्हणजे हा बँकेचाच. पैसे गेलेच तर लाजून बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. फसवणूक ही फजिती नव्हे. ती गुन्हा आहे, आणि ती हसण्यावारी नेऊन लपवली की फसवणाऱ्याचेच फावते.

सभासदांसाठी एक सूचना कार्यकारिणीकडे दिली आहे, ती इथेही लिहितो. येत्या कोजागरीला दूध आटेपर्यंत गच्चीवर तासभर सगळे नुसते बसून असतात आणि जो तो फोन पाहतो. त्या वेळात ज्याला वाटेल त्याने आपली एक फजिती सांगावी, तीन मिनिटांत. विनोद पाठ करून येऊ नये. शेजारच्या कानडी घरांनाही बोलवावे, त्यांनी कानडीत सांगितले तर कुणीतरी मराठी करून सांगेल, आणि त्यात जे चुकेल ती पुढच्या वर्षीची गोष्ट. दूध, म्हणजे हालू, आणायचे काम आमच्याकडे.